मला सगळं सापडतं

ऑफिसात "माझा मॅनेजर बदलला" असं सांगितलं तर लोक चहा संपेपर्यंत हळहळतात. "घरी किचनचं काम काढलंय" असं सांगितलं तर खुर्ची ओढून शेजारी बसतात आणि आपापली कहाणी सुरू करतात. एकाचा सुतार अ‍ॅडव्हान्स घेऊन गावाला गेला तो स्वतःचं लग्न करूनच परत आला. एकीच्या ग्रॅनाइटला सिंकचं भोक उलट्या बाजूला पाडलं. एकाची बायको तर दीड महिना माहेरी राहिली, आणि आता तो त्या दिवसांबद्दल जरा जास्तच प्रेमाने बोलतो.

मी हे सगळं हसत ऐकायचो. कारण आपण पडलो सॉफ्टवेअरवाले. इतकी वर्षं लोकांची प्रोजेक्टं वेळेवर (बरं बाबा, जवळजवळ वेळेवर) करून दिली, तर आठ बाय दहाचं एक स्वयंपाकघर ते काय!

तर मंडळी, ही त्या स्वयंपाकघराची गोष्ट. आणि थोडी आईची.

आमचा कोथरूडचा फ्लॅट १९९२ सालचा. ओटा कडप्प्याचा. त्याच्याखाली कडप्प्याच्याच फरश्या उभ्या करून केलेले कप्पे, त्यांना दारं नाहीत, पुढे कधीतरी आईने शिवून लावलेला पडदा. भिंतीवर स्टीलची मांडणी. वर माळा, आणि माळ्यावर फक्त बारसं नाहीतर सत्यनारायण असला तरच खाली उतरणारी पातेली. बाबा २०१६ मध्ये गेले. तेव्हापासून घरातल्या बाकी खोल्यांचा ताबा हळूहळू आमच्याकडे आला, पण स्वयंपाकघर आईचंच राहिलं. बायको आणि मी दोघंही नोकरीवाले. सकाळी पाचला तिथे दिवा लागायचा आणि आठला तीन डबे भरून तयार असायचे. बायको त्या खोलीत पाहुण्यासारखी वावरायची. मी तर काय, फ्रीजपुरता.

काम काढायला कारणं भरपूर होती. सिंकखालून पाणी झिरपत होतं. गॅसपाशी कडप्प्याला तडा गेला होता आणि त्या तड्यात झुरळांची एक स्वतंत्र सोसायटी रजिस्टर झाली होती. शिवाय आई सत्तरीला आली होती. खाली वाकून, पडदा बाजूला सारून तिने डबे काढावेत हे आम्हालाच बघवत नव्हतं.

मी एक्सेल उघडलं. संक्रांत झाली की २३ जानेवारी २०२४ ला सुरू, १२ फेब्रुवारीला हँडओव्हर. एकवीस दिवस. त्यात तीन दिवसांचा बफर. कोण कशावर अवलंबून हे दाखवणारे बाण. कॉन्ट्रॅक्टरला तो चार्ट दाखवला तेव्हा तो बराच वेळ आदराने बघत राहिला आणि म्हणाला, "साहेब, छान काढलंय." तेव्हाच मला समजायला हवं होतं.

आईला विचारलं नाही असं मात्र नाही हं. रीतसर विचारलं.

"आई, ट्रॉल्यांना रंग कुठला आवडेल तुला?"

"कशाला रे हे सगळं? मला सगळं सापडतं."

आता प्रत्येक प्रोजेक्टमध्ये असा एक युजर असतोच. त्याला जुनीच सिस्टीम बरी वाटते. त्याच्याशी वाद घालायचा नसतो, गोड बोलून ट्रेनिंग द्यायचं असतं. मी आणि बायकोने एकमेकांकडे बघून मान हलवली.

स्वयंपाकघर रिकामं करायला दोन रविवार गेले. आपल्या घरात काय काय आहे हे आपल्याला माहीत नसतं. एकाही संचात न बसणाऱ्या सत्तावीस वाट्या निघाल्या. प्रत्येक भांड्यावर नाव घातलेलं. आत्याच्या लग्नातलं पातेलं, मावशीच्या वास्तुशांतीचं ताट, बाबांना कंपनीच्या पतपेढीने दिलेला डबा. हे वाचत बसलो तर काम व्हायचं नाही म्हणून मी वाचणं बंद केलं आणि खोकी भरली. मांडणी भंगारवाल्याला दिली. नव्या डिझाइनमध्ये भिंतीवर कपाटं होती, मांडणीला जागाच नव्हती. तो ती खांद्यावर टाकून जिना उतरला तेव्हा आई दारात उभी होती. काही बोलली नाही.

मग हातोडा.

पहिल्या दिवशी मजा वाटली. सोसायटीच्या नियमाप्रमाणे दुपारी तोडफोड बंद, त्यामुळे दोन बैठकांत बत्तीस वर्षांचा ओटा पोत्यांत भरून जिन्याने खाली गेला. धूळ मात्र वरच राहिली. पंधरा दिवसांनी ऑफिसात लॅपटॉपची बॅग उघडली तर त्यातही आमच्या स्वयंपाकघराची भिंत निघाली. चौथ्या दिवशी कळलं की भिंतीतला जुना लोखंडी पाइप आतून पार कुजलाय, तेव्हा सगळं प्लंबिंग नवीन. म्हणजे भिंत आणखी फोडा. म्हणजे गिलावा. म्हणजे तो वाळेपर्यंत थांबा. गॅसची पाइपलाइन सरकवायला माणूस नऊ दिवसांनी आला. माझा बफर पहिल्या आठवड्यातच गिळला गेला. आपण ज्याला लेगसी कोड म्हणतो ना, त्याच्यात आणि कोथरूडच्या जुन्या भिंतीत फरक इतकाच, की भिंतीला ग्रेप मारता येत नाही.

या काळात आमचं स्वयंपाकघर हॉलमध्ये होतं. बाबांच्या लिहायच्या टेबलावर इंडक्शन. टीव्हीशेजारी मिसळणाचा डबा, सोफ्याच्या हातावर पोळपाट. पहिल्या दिवशी आमचा कुकर इंडक्शनवर ठेवला तर ते नुसतंच टूं टूं करत बसलं. अ‍ॅल्युमिनियम त्याला चालत नाही, तळ लोखंडाचा किंवा तसल्या स्टीलचा लागतो, ही माहिती मला त्या सकाळी सात वाजता झाली. भांडी बाथरूममध्ये उकिडवं बसून घासायची. मुलीला हे सगळं सहलीसारखं वाटत होतं. तिसऱ्या आठवड्यात तिनेही विचारलं, "आज परत खिचडी?"

आणि याच काळात आई चुकायला लागली.

चहात मीठ पडलं. आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी पातेल्यात ओतायचं दूध निम्मं टेबलावर. बाबांच्या टेबलाच्या कडेला ठेवलेलं ताट तिचा हात लागून पडलं, आमटीसकट. मग वाटी. मग तेलाची बुधली. जिच्या हातून आयुष्यात तांदळाचा दाणा सांडला नव्हता ती बाई रोज काहीतरी सांडत होती. बायको म्हणाली, त्यांना हे काम मनातून पटलेलं नाही, म्हणून चित्त थाऱ्यावर नाही. मला वाटलं, वय झालं. दोन्ही कारणं आम्हाला सोयीची होती, कारण दोन्हींत आम्हाला काहीच करायचं नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी माझा क्लायंट कॉल चालू होता. मागे धाडकन आवाज आला. कुकर जमिनीवर, भात सगळीकडे. मी माइक म्यूट केला आणि ओरडलो, "आई, जरा बघून काम कर ना!"

ती खाली बसून भात गोळा करायला लागली. हाताने चाचपून. मी परत अनम्यूट झालो.

चार दिवसांनी ती पॅसेजमध्ये पडली. भिंतीला टेकवून ठेवलेल्या टाइल्सच्या खोक्याला अडखळली. खोकं काही लपलेलं नव्हतं, गुडघ्याएवढं होतं आणि गेले दहा दिवस तिथेच होतं. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही, देवाची कृपा. पण बायकोच्या डोक्यात तिथे काहीतरी पेटलं. रात्री ती मला म्हणाली, "अरे, आईंचं लक्ष नसतं असं नाहीये. त्यांना ते खोकं दिसलंच नाही."

"असं कसं? रोज पेपर वाचते ती. सुईत दोरा ओवते."

"उद्या डोळे दाखवूया."

डोळे दाखवले नव्हते असंही नाही. २०२१ मध्ये चष्म्याच्या दुकानात नंबर काढून आणला होता. आमच्या लेखी ती झाली डोळ्यांची तपासणी.

डॉक्टरांनी डोळ्यांतलं प्रेशर मोजलं. बुबुळं मोठी करायचे थेंब घालून आत बराच वेळ बघितलं. मग नजरेच्या फील्डची टेस्ट. अंधाऱ्या खोलीत एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचं, नजर मधल्या ठिपक्यावर, आणि कुठेही बारीकसा उजेड लुकलुकला की हातातलं बटन दाबायचं. मला कोपऱ्यात बसू दिलं होतं. आई बटन दाबायची. मग बराच वेळ शांतता. मग एकदा. परत शांतता. नंतर डॉक्टर म्हणाले की चांगल्या नजरेच्या माणसालाही त्यातले बरेचसे ठिपके दिसत नाहीत, यंत्र मुद्दाम ते मंद करत नेतं. पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. मी अंधारात बसून मनातल्या मनात म्हणत होतो, दाब ना गं. दाब.

काचबिंदू. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात जास्त.

मी तोवर काचबिंदू आणि मोतीबिंदू यांत गल्लत करणाऱ्यांपैकीच होतो. मोतीबिंदूत भिंग गढूळ होतं, ते बदलता येतं. काचबिंदूत डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी नसच हळूहळू मरत जाते, बहुतेक वेळा आतलं प्रेशर वाढल्यामुळे. सहसा दुखत नाही, लाल होत नाही. आधी नजरेच्या कडा जातात, मधलं शेवटपर्यंत शाबूत राहतं, म्हणून पेपर वाचता येतो आणि सुईत दोरा ओवता येतो. त्यात मेंदू गेलेल्या जागी काळं काही दाखवत नाही, आजूबाजूचं घेऊन भरून काढतो. त्यामुळे आपल्याला दिसत नाहीये, हेच माणसाला दिसत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब घालून प्रेशर कमी ठेवायचं आणि उरलेली जपायची.

रिपोर्टमध्ये दोन करड्या गोलांची चित्रं होती. खालच्या बाजूला काळं जास्त. म्हणजे ओटा, ताटं, खोकं, पायरी असलं सगळं जिथे असतं ती बाजू.

डॉक्टरांनी विचारलं, "आजी, हे एकदोन वर्षांतलं नाही. घरात काम करताना काही अडचण यायची नाही का?"

आई म्हणाली, "नाही हो. मला सगळं सापडतं."

त्या वाक्याने मी जो गप्प झालो तो रिक्षात बसेपर्यंत. तिला खरंच सगळं सापडत होतं. मीठ उजव्या हाताला एक वीत, हिंग त्याच्यामागे, कढई मांडणीच्या खालून दुसऱ्या कप्प्यात, सांडशी खिळ्याला. बत्तीस वर्षांत हातांना पाठ झालेलं. डोळे कमी होत गेले तसे हात वाढत गेले आणि आम्हालाच काय, तिलाही पत्ता लागला नाही. तो भिकार, झुरळांनी भरलेला कडप्प्याचा ओटा तिचे डोळे होता, आणि तो मी दोन बैठकांत पोत्यांत भरून जिन्याने खाली पाठवला होता.

हे खरं, की तोडला नसता तर कळलंच नसतं. बायको मला हेच समजावते. मला ते पटतं. पण म्यूट केलेला तो कॉल काही डोक्यातून जात नाही.

काम आठवडाभर थांबवलं. रात्री झोप येत नव्हती म्हणून स्वयंपाकघरांबद्दल वाचत बसायचो. आजचं हे जे मॉड्युलर किचन आहे, त्याचं मूळ १९२६ च्या फ्रँकफुर्टमध्ये सापडतं. मार्गारेटे श्युटे-लिहोत्स्की नावाच्या ऑस्ट्रियन आर्किटेक्ट बाईने तिथल्या नव्या कामगार वस्त्यांसाठी साधारण १.९ बाय ३.४ मीटरचं स्वयंपाकघर आखलं. रेल्वेच्या डायनिंग कारचा मुदपाकखाना समोर ठेवला, कुठल्या कामाला किती पावलं आणि किती वेळ लागतो याचा हिशेब केला, पीठ-तांदळासाठी नावं घातलेले अ‍ॅल्युमिनियमचे खण केले. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बांधली गेली. आणि पुढे म्हातारपणी बाईंनीच सांगून टाकलं, की तोवर त्यांनी कधी घर चालवलं नव्हतं आणि स्वयंपाकही केला नव्हता!

म्हणजे परंपरा जुनी आहे तर. पण त्यांनी निदान पावलं तरी मोजली होती. मी फक्त ट्रॉल्यांचा रंग विचारला होता.

मग एका रविवारी मी, बायको, मिस्त्री आणि आई त्या रिकाम्या खोलीत उभे राहिलो. मी म्हटलं, "आई, डोळे मीट. पोहे करायचेत. हात कुठे जातो दाखव." तिला आधी हसू आलं. मग तिने डोळे मिटले आणि हवेत हात फिरवायला लागली. कढई. तेल. मोहरी. हळद. मिस्त्री राजस्थानचा, फारसा बोलणारा नाही. त्याने एक शब्द न विचारता कानावरची पेन्सिल काढली आणि तिचा हात थांबेल तिथे भिंतीवर फुली मारत गेला. अकरा फुल्या झाल्या. माझ्या सगळ्या करिअरमध्ये यापेक्षा चांगलं रिक्वायरमेंट गॅदरिंग मी बघितलेलं नाही.

डिझाइन बदललं. भिंतीवरची दोन कपाटं रद्द, कारण त्यांची उघडी दारं बरोबर तिच्या कपाळाला लागली असती. त्या जागी पुन्हा मांडणी. भंगारवाल्याकडे गेलो तर जुनी कधीच वितळायला गेली होती. नवी आणली आणि जुन्याच उंचीवर ठोकली. काळा ग्रॅनाइट कापून आला होता, तो काही दुकानदार परत घेणार नव्हता. मग त्याच्या पुढच्या कडेला पांढऱ्या दगडाची पट्टी बसवली, म्हणजे ओटा कुठे संपतो ते दिसतं. खालच्या ट्रॉल्यांना आपोआप बंद होणारे चॅनेल, नाहीतर अर्धवट उघड्या ट्रॉलीवर गुडघा आपटणार. मांडणीच्या खाली एलईडीची पट्टी, उजेड थेट ओट्यावर, डोळ्यांवर नाही. मीठ उजव्या हाताला एक वीत.

हँडओव्हर झालं २७ मार्चला. एकवीस दिवसांचे पासष्ट झाले. माझी एक्सेल फाइल अजून आहे. मोह होतो तेव्हा उघडून बघतो.

९ एप्रिलला पाडवा होता. नव्या ओट्यावर पहिला मोठा स्वयंपाक. पुऱ्या आईने लाटल्या, तळल्या बायकोने. आधी हे असं कधी झालं नसतं, तळणीपाशी आई कुणाला उभं राहू द्यायची नाही. आता ती दोन फूट बाजूला सरकून सांगत होती, "झारा डावीकडे आहे बघ." बायकोला त्या खोलीत जागा मिळाली, पण ती कशामुळे मिळाली हे दोघींनाही माहीत होतं. त्यामुळे त्यावर कुणी काही बोललं नाही.

आता तुमच्यापैकी कुणी काम काढणार असाल, तर फुकटचे चार सल्ले. दिलेल्या दिवसांना तीनने गुणा. सिंक आणि गॅसखालच्या भागाला वॉटरप्रूफ प्लायच घ्या आणि त्यावर आयएस ७१० छापलंय का ते स्वतः वाकून बघा. भिंत फोडायच्या आधी घरातला जो माणूस तिथे सगळ्यात जास्त उभा असतो त्याचे हात बघा, त्याला रंग विचारत बसू नका. आणि चौथा, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. घरी चाळिशीच्या पुढचं कुणी असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेऊन प्रेशर आणि मागची नस तपासून घ्या. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे ती तपासणी होत नाही. सख्ख्या नात्यात काचबिंदू असेल तर धोका वाढतो, म्हणून मीही करून आलो. सध्या ठीक आहे, दर वर्षी जायचंय.

परवा आत्या आली होती. सगळं किचन फिरून बघितलं, ट्रॉल्या ओढून बघितल्या, पांढऱ्या पट्टीवरून बोट फिरवलं आणि आईला विचारलं, "मग वहिनी, जमतंय का नव्यात?"

"जमतंय की. सापडतं," आई म्हणाली. "नाही सापडलं तर हाक मारते."

पूर्वीच्या वाक्यातला एक शब्द कमी झालाय, तो तुमच्याही लक्षात आला असेल. हाक मारते हे मात्र नवीन आहे. ती हाक आली की मी म्यूट न करता उठतो.

असो. नऊ वाजत आले. थेंबांचा अलार्म वाजेल आता. घालायचं काम मुलीकडे आहे, पण बाटली उघडून द्यायचं माझ्याकडे.